पुराच्या रेघेवर टेकवलेला उजेड

शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठच्या एका गावात गुळाचं जुनं गोदाम आहे. साठ फूट लांब, तीस फूट रुंद. काळ्या दगडाचं जोतं, चुन्याच्या गिलाव्याच्या जाड भिंती, आत सागवानी खांबांच्या दोन ओळी आणि वर मंगळुरी कौलं. आत शिरल्यावर डोक्याच्या थोडं वर, साधारण सात फुटांवर, चारही भिंतींना एक मातकट रेघ दिसते. रेघेखालचा चुना तपकिरी, वरचा पांढुरका. ऑगस्ट 2019 च्या महापुराचं पाणी इथवर चढलं होतं आणि थांबून राहिलं होतं. तिच्या खाली हातभर अंतरावर दुसरी, फिकट रेघ आहे. ती जुलै 2021 ची. पहिल्या पुरात आतले शिल्लक गुळाचे रवे विरघळून गेले. त्यानंतर मालकांनी, म्हणजे सगळे ज्यांना अण्णा म्हणतात त्यांनी, तिथे माल ठेवणंच बंद केलं. वास मात्र अजून येतो.

मी वास्तुकला शिकले, पण काम करते उजेडाचं. प्रोजेक्टरमधून जागेवर रेघा टाकायच्या, त्या हलवायच्या आणि त्यातून जागेचा आकार बघणाऱ्याला अंगाने कळावा, असं काही उभं करायचं. या गोदामात असं एक काम करायला मिळालं. ते कसं घडत गेलं ते जरा सविस्तर लिहिते, कारण या वाटेला येऊ पाहणारी बरीच मुलं भेटतात आणि त्यांचा पहिला प्रश्न हमखास सॉफ्टवेअरचा असतो. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच हवा: भिंग नेमकं कुठे ठेवायचं?

प्रोजेक्शन मॅपिंग, म्हणजे वास्तूच्या आकाराशी जुळवून तिच्यावर चित्र टाकणं, म्हटलं की लोकांना आठवतात ते मोठे सोहळे. राजवाड्याच्या दर्शनी भिंतीची वीट न् वीट सुटते, खांब वितळतात, कमानीतून हत्ती बाहेर येतो, वर ढोलताशा. फ्रान्समधल्या शांबोर इथल्या राजवाड्यावर 1952 मध्ये ध्वनी-प्रकाशाचा पहिला कार्यक्रम झाला, तिथून ही परंपरा मोठी होत गेली. आपल्याकडे त्याच्याही कितीतरी आधी कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन काचेवर रंगवलेली चित्रं कंदिलातून पडद्यावर टाकून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने खेळ करत होते. त्या खेळांबद्दल मला मनापासून आदर आहे. मोठ्या सोहळ्यांबद्दल मात्र माझी एक तक्रार आहे: त्यात इमारतीला पडदा करून टाकतात. तिच्यावर काहीही दाखवता येतं, म्हणून काहीही दाखवलं जातं. इमारतीचं स्वतःचं माप, तिचा कल, तिची खोली यांना त्यात काम उरत नाही. मला उलट हवं होतं. उजेड पडल्यावर गोदाम जास्त गोदाम दिसावं.

सुरुवात मापांपासून केली. नकाशा नव्हताच. टेप, ओळंबा, गुण्या आणि गवंड्यांकडे असतो तसा पाणी भरलेला लेव्हल पाईप घेऊन मी आणि वास्तुकलेचे दोन विद्यार्थी भिंतीभिंतीशी भिडलो. उत्तरेची भिंत वर जाताना तीन इंच बाहेर कललेली निघाली. खांब एकही ओळंब्यात नव्हता. चारपैकी एकाही कोपऱ्यात गुण्या नीट बसेना. जमीन दाराकडे उतरती. जुन्या वास्तूत हे नवल नाही, पण प्रोजेक्शन करणाऱ्यापुढे इथे एक खरा पेच उभा राहतो. सरळ म्हणायचं कशाला? आपण संगणकावर आडवी रेघ काढतो. ती आडवी कोणाच्या हिशेबाने? भिंतीच्या, जमिनीच्या की वाशाच्या?

फरशीकाम करणाऱ्या एका दादांची लेझर लेव्हल मागून आणली. तिची हिरवी रेघ पुराच्या मातकट रेघेवर टेकवली आणि यंत्र सावकाश फिरवत नेलं. पूर्व भिंत, उत्तर भिंत, एकामागून एक खांब, दाराची चौकट, पुन्हा पूर्व भिंत. हिरवी रेघ मातकट रेघेवरून कुठेच सुटली नाही. कुठे सूत-दोन सूत वरखाली झाली, तीही गिलावा फुगला होता तेवढ्या जागी. त्या अख्ख्या इमारतीत खरोखर सपाट अशी एकच गोष्ट होती आणि ती पाण्याने काढलेली होती.

अण्णा मागे उभे होते. म्हणाले, “पाण्यानं घेतलेलं माप हाय ते मॅडम. चुकंल कसं?”

त्या क्षणी कामाचा विषय ठरला. पण तो उजेडात कसा आणायचा, याचं उत्तर भूमितीत सापडलं. ते नीट सांगते, कारण सगळं काम त्याच्यावरच उभं आहे.

प्रोजेक्टर हा उलटा कॅमेरा आहे. कॅमेऱ्यात चहूकडचे किरण एका बिंदूत येतात, प्रोजेक्टरमध्ये ते एका बिंदूतून चहूकडे पसरतात. आपण पडद्यावर ‘रेघ’ बघतो, पण हवेतून जाणारा प्रकाश रेघ नसतो. भिंगापासून पसरत गेलेलं ते एक अख्खं प्रतल असतं, आणि भिंतीवर दिसते ती त्या प्रतलाची कड. म्हणूनच खांब, भिंत आणि कोनाडा यांच्यावरून गेलेली एकच रेघ भिंगाच्या जागी डोळा ठेवला तर सरळ दिसते आणि चार पावलं बाजूला सरकलं की प्रत्येक खांबावर तुटते. किती तुटली यावरून तो खांब भिंतीपासून किती पुढे आहे ते कळतं. अमेरिकी कलावंत जेम्स टरेल यांनी 1966 मध्ये खोलीच्या कोपऱ्यावर उजेडाचा एकच आकार टाकला, आणि बघणाऱ्यांना तिथे हवेत तरंगणारा घन दिसू लागला. कामाला लागलं ते एवढंच: दोन भिंती, एक कोपरा आणि नेमक्या जागी ठेवलेला प्रोजेक्टर.

आता, एका बिंदूतून निघणाऱ्या या असंख्य प्रतलांमध्ये स्थिर पाण्याच्या पातळीला समांतर असं फक्त एकच असतं, जे भिंगाच्याच उंचीवरून आडवं जातं. बाकी सगळी तिरकी. म्हणजे भिंग जर बरोबर पुराच्या रेघेच्या उंचीवर ठेवलं आणि तिथून आडवी रेघ टाकली, तर ती चारही भिंतींवर, प्रत्येक खांबावर, कललेल्या उत्तर भिंतीवरसुद्धा, त्याच उंचीला टेकणार. कुठेही मोजून पाहा, तिची उंची बदलणार नाही. तिला मॅपिंगची गरजच नाही. आणि हवेत थोडं धुकं असेल तर भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेली उजेडाची पातळी डोक्यावर दिसेल. पाण्याची पातळी, खालून पाहिलेली.

कागदावर हे पटलं, तरी गोदामात लगेच जमलं नाही, कारण ऑफिसातला साधा प्रोजेक्टर चित्र वर फेकतो. टेबलावर ठेवला तरी पडदा वर असतो ना, म्हणून त्याची बनावटच तशी असते. चित्राची खालची कड जेमतेम भिंगाच्या उंचीला येते. आम्हाला भिंगाची उंची चित्राच्या मधोमध हवी होती. म्हणून लेन्स शिफ्ट, म्हणजे भिंग सरकवून चित्र वर-खाली नेण्याची सोय असलेले, कमी अंतरात रुंद चित्र देणारे दोन लेझर प्रोजेक्टर कोल्हापुरातून भाड्याने आणले. पाच हजार लुमेनचे, 1920 बाय 1200 पिक्सेलचे. मेनूतला कीस्टोन मी कधीच वापरत नाही. तो चित्र चेपून सरळ केल्यासारखं दाखवतो आणि पिक्सेल खातो. प्रोजेक्टर हाताने लेव्हलमध्ये आणावा, भिंग सरकवावं, बस.

दोन प्रोजेक्टर अशासाठी की एकाच्या उजेडाचा पंखा साठ फुटी लांबीला पुरतो, पण त्याच्या स्वतःच्या दोन्ही बाजूंचे कोपरे अंधारात राहतात. ते समोरच्याने भरायचे. भिंगं अगदी समोरासमोर येऊ नयेत म्हणून एक डावीकडे, दुसरं उजवीकडे सरकवलं आणि ज्या पिक्सेलचा उजेड पलीकडच्या भिंगावर पडत होता ते पिक्सेल काळे केले.

मग उंची जुळवण्याचं काम. 1200 ओळींचा मध्य कुठल्याच ओळीत येत नाही, तो सहाशेव्या आणि सहाशे एकाव्या ओळीच्या मधल्या सांध्यात येतो. म्हणून रेघ दोन पिक्सेलची ठेवली. समोरच्या भिंतीवर तिची जाडी इंचभर भरत होती. पहिला प्रोजेक्टर पुराच्या रेघेला लावला. दुसरा चालू केला तर डोक्यावर दोन थर दिसू लागले, एकावर एक दोन पातळ्या, मध्ये अंधाराची बारीक फट. लेव्हल पाईप एका भिंगापासून दुसऱ्यापर्यंत नेला, एका विद्यार्थ्याने तिकडच्या टोकाला पाण्याची कड पाहायची, दुसऱ्याने इकडच्या फळीखाली पत्र्याची एकेक पट्टी सरकवायची. फट बारीक होत गेली. शेवटच्या पट्टीला दोन थर एकमेकांत मिसळले आणि अख्खं गोदाम एकदम लेव्हलमध्ये आल्यासारखं वाटलं. कललेली भिंत, वाकडे खांब, उतरती जमीन, सगळं त्या पातळीच्या तुलनेत किती वाकडं आहे ते पहिल्यांदाच नुसत्या डोळ्यांना दिसत होतं.

कुणी म्हणेल, मग लेझर लेव्हलच ठेवायची होती! तो विचार आम्ही केला होता. लेझरची रेघ एकसुरी असते, ताकदीचा लेझर डोळ्यांना धोक्याचा असतो, आणि त्या रेघेत काही घडवता येत नाही. प्रोजेक्टरच्या रेघेचा प्रत्येक पिक्सेल आपल्या हातात असतो. रेघेचा एखादा तुकडा मंद केला की हवेतल्या पातळीत तेवढी सावलीची पट्टी पडते. तो तुकडा रेघेवर सरकवला की पट्टी पातळीवरून फिरते. टचडिझायनर या सॉफ्टवेअरमध्ये अगदी संथ, अनियमित असा चढउतार रेघेच्या तेजाला जोडला, तेव्हा पातळी जिवंत झाली. सॉफ्टवेअरचं काम म्हणाल तर एवढंच होतं.

काळा रंग हा प्रोजेक्टरचा सगळ्यात मोठा कच्चा दुवा. ‘काळं’ पाठवलं तरी तो थोडा उजेड गळतोच. एरवी लक्षात येत नाही, पण धुक्यात रेघेच्या वर-खाली राखाडी पंखा उमटतो आणि पातळीची धार जाते. त्यावर उपाय कात्रीने झाला. भिंगापुढे फूटभर अंतरावर काळ्या रंगाचा पत्रा लावला, मध्ये आडवी फट ठेवली. गळणारा बहुतेक उजेड पत्र्याने अडवला.

धुक्याचं म्हणाल तर, ब्रिटिश कलावंत अँथनी मॅकॉल यांचं उदाहरण या कामात आम्ही सतत डोळ्यांपुढे ठेवलं. त्यांनी 1973 मध्ये 16 मिलिमीटरची एक तीस मिनिटांची फिल्म केली. काळ्यावर एक पांढरा ठिपका, तो हळूहळू वर्तुळाची रेघ ओढत जातो. प्रेक्षकांनी पडद्याकडे पाठ करून प्रोजेक्टरकडे पाहायचं, म्हणजे हवेत उजेडाचा पोकळ शंकू घडताना दिसतो. त्या काळच्या जुन्या जागांमध्ये धूळ आणि सिगारेटचा धूर भरपूर असायचा, त्यामुळे शंकू आपोआप दिसे. पुढे स्वच्छ संग्रहालयांत तो दिसेनासा झाला आणि धुक्याची यंत्रं आल्यावर पुन्हा परतला. आमच्या गोदामात झाडू मारला की दहा मिनिटं सुरेख दिसायचं. अण्णांनी ऊद घालून पाहायला सांगितलं. उदाचा धूर पातळीत शिरताना फार देखणा दिसतो, पण त्याचे लोट होतात, एक जागा भरते आणि शेजारची रिकामी राहते. शिवाय म्हाताऱ्या माणसांना ठसका. शेवटी हेझ मशीनच आणलं. स्टेजवरच्या धुराच्या यंत्रापेक्षा हे वेगळं. याचं धुकं पातळ, एकसारखं आणि टिकणारं असतं. यंत्र पाऊण तास आधी चालू करून मग बंद ठेवायचं, हे प्रमाण आम्हाला लागू पडलं. असं धुकं उजेड मुख्यतः पुढच्या दिशेला विखुरतं. त्यामुळे प्रोजेक्टरकडे तोंड केलं की त्याच्याकडून येणारी पातळी लखलखते आणि पाठ फिरवली की तीच विरत जाते. दोन्ही टोकांना प्रोजेक्टर असल्याने प्रत्येक खेपेला समोरची पातळी तेजाळ आणि पाठीमागची फिकी, असा अनुभव मिळत होता. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. फुकट मिळालं.

रंगावरून विद्यार्थ्यांशी वाद झाला. त्यांना निळा हवा होता, मला बिलकूल नको होता. पुराचं पाणी निळं नसतं, गढूळ असतं. रेघ किंचित पिवळसर पांढरी ठेवली आणि तेज निम्म्याहून खाली आणलं.

आता हालचाल. दिवसा त्या गोदामात बसलं की कौलांच्या फटींतून कवडसे पडतात. फट कशीही वेडीवाकडी असो, जमिनीवरचा कवडसा गोलच असतो, कारण तो फटीचा आकार नसतो, ते सूर्याचं चित्र असतं. पंधरा फुटांवरून पडलेला कवडसा पावणेदोन इंचांच्या आसपास भरतो आणि मिनिटाला साधारण पाऊण इंच सरकतो. सरकताना दिसत मात्र नाही. नजर दुसरीकडे वळवून परत आणली की तो पुढे गेलेला असतो. आमच्या भागात उजेड आणि वास्तू यांचं नातं असंच आहे. कोल्हापुरात अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून शिरून एका दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी त्याहून वर आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात. खिद्रापूरच्या कोपेश्वरात स्वर्गमंडपाचं छत मध्ये गोल उघडं आहे, बारा खांबांचं कडं त्याला तोलून धरतं आणि खाली तेवढीच गोल शिळा आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या गोलाच्या माथ्यावर येतो तेव्हा लोक मुद्दाम जातात. दोन्हीकडे हालचाल आहे, आणि दोन्हीकडे ती डोळ्याला पकडता येत नाही. ती ज्यावर येऊन पडते, त्या दगडावरून कळते.

माझ्या पहिल्या आराखड्यात पाणी वीस मिनिटांत सात फुटांवरून जमिनीपर्यंत उतरत होतं. एका चाचणीच्या वेळी अण्णांना ते तोंडी समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“असं उतरत न्हाई पाणी,” ते म्हणाले. “आमी शेजारच्या स्लॅबवर बसलो होतो. जिन्याच्या भिंतीवर कोळशानं खूण करायची. बघत बसून काय दिसत न्हाई. दोन तासांनी जाऊन बघायचं. बोटभर खाली गेलं असंल तर वर येऊन सांगायचं, उतराय लागलंय. तेवढ्यावर बायामाणसं चूल पेटवायची.”

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पावसाळ्यात हे आकडे इथल्या पोरासोरांना पाठ असतात. पण अण्णांचं माप बोटाचं होतं. मी आराखडा बदलला. पाणी फक्त वीतभर उतरेल आणि त्याला अर्धा तास लागेल. सेकंदाला मिलिमीटरचा जेमतेम आठवा भाग.

पण भूमिती इथेही आडवी आली. प्रोजेक्टर जागच्या जागी ठेवून चित्रातली रेघ खाली सरकवली तर पातळी उतरत नाही, ती तिरकी होते, कारण भिंग तिथेच राहतं. पातळी सपाट ठेवून उतरवायची तर भिंगच उतरायला हवं. दोन्ही भिंगं, एकाच वेगाने, हादरा न बसता.

त्यासाठी इचलकरंजीला गेलो. यंत्रमागांची दुरुस्ती करणारे एक मिस्त्री, लेथ आणि वेल्डिंग दोन्ही घरचंच.

“वजन किती?” त्यांनी विचारलं.

“एकेक नऊ-दहा किलो.”

“आन् खाली यायचं किती?”

“वीतभर. अर्ध्या तासात.”

त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. “मग ही लिफ्ट न्हवं ताई, हे घड्याळ हाय.”

त्यांनी केलेली युक्ती अशी. दोन्ही टोकांना लोखंडी चॅनेलचे उभे मार्ग, त्यात बेअरिंगवर सरकणारी फळी. दोन्ही फळ्यांना बांधलेला स्टीलचा दोर छताशी असलेल्या कप्प्यांवरून येऊन एकाच ढोलावर गुंडाळलेला. ढोल एकच असल्याने दोन्ही बाजूंनी दोर सारखाच सुटणार. ढोलाला भंगारातली वर्म गिअरची पेटी आणि तिला छोटी मोटर. अशा वर्म गिअरचा गुण असा की वजन त्याला सहसा उलटा फिरवू शकत नाही. वीज गेली तर फळी जिथे आहे तिथेच थांबते. वीज जाणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप यूपीएसवर होते. जुन्या दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखा अचानक बंद पडला तर दिवा तापून निकामी व्हायची भीती असते. लेझरमध्ये तो धोका बराच कमी, पण प्रयोग मध्येच तुटू नये म्हणून यूपीएस हवाच. दोर ताणला की थोडा लांबतो, म्हणून मिस्त्रींनी फळ्यांवर प्रोजेक्टरच्या वजनाची पोती ठेवून ते सगळं दोन रात्री तसंच लोंबत ठेवलं आणि मगच लांबी पक्की केली. हे त्यांनी आपण होऊन केलं. मला ते सुचलं नसतं.

प्रयोग मार्गशीर्षात, अमावास्येच्या आसपास ठेवले. थंडी पडलेली, अंधार लवकर. कौलांच्या फटींतून चांदणं येऊ नये म्हणून ती तिथी. उसाचा हंगाम ऐन भरात असल्याने रस्त्यावरून ट्रॅक्टर जात आणि त्यांच्या दिव्यांचा झोत दाराच्या फटीतून अख्ख्या गोदामावरून फिरे, म्हणून दाराला दुहेरी तरट लावलं. एका वेळी वीस माणसं. सुरुवातीला काही मिनिटं उभ्या रेघा खांबांवरून संथपणे सरकत जात, म्हणजे डोळे अंधाराला सरावत आणि गोदामाची खोली समजे. त्यासाठी आधी एका विद्यार्थ्याने लॅपटॉपवर कर्सर धरून तो प्रत्यक्ष खांबांच्या कडेवरून फिरवला होता आणि बिंदू टिपत गेला होता. मॅपिंगची ही सगळ्यात साधी आणि सगळ्यात खात्रीची पद्धत. मग रेघा विझत. थोडा वेळ पूर्ण काळोख. आणि मग डोक्यावर पातळी.

पहिल्या रात्री ती उजळली तेव्हा कुणी बोललं नाही. नंतर एकेक हात वर गेले. हात पातळीत शिरला की बोटांना उजेडाचं कडं दिसतं आणि बोटांमागे पातळीत काळा पट्टा दूरवर पसरतो. माणसं बोटं हलवून तो पट्टा फिरवत होती. एका वडिलांनी पोरीला खांद्यावर घ्यायला सुरुवात केली, तिथे आम्हाला आडवं जावं लागलं. प्रोजेक्टरच्या भिंगात डोळे जाऊ नयेत हा नियम आम्ही कडक ठेवला होता. पातळी उतरून सव्वासहा फुटांवर येणार होती, म्हणून उंच माणसांना सतरंजीवर बसवलं. एक आजी खांबाला धरून वर पाहत होत्या. “हितवर होतं,” शेजारणीला म्हणाल्या, “आन् हे आपल्या मागं भिताडावर असायचं, कुणी वर बगतच न्हवतं.” एक गृहस्थ दाराशी आले, आत डोकावले आणि नको म्हणाले. त्यांना कुणी आग्रह केला नाही.

पातळी खाली येते आहे हे बराच वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही. यायला नकोच होतं. विसाव्या मिनिटाच्या सुमाराला भिंतीजवळ उभा असलेला एक मुलगा ओरडला, “ओ, रेघ वर ऱ्हायली!” त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. पुराची मातकट रेघ उजेडाच्या वर उघडी पडली होती, चार-पाच बोटांनी. सगळे भिंतींकडे सरकले. कुणी बोटं लावून मोजलं, कुणी खांबावर पाहिलं, कुणी पलीकडच्या भिंतीवर. सगळीकडे सारखंच अंतर. “उतरलं की,” एक बाई म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, आणि मग तेच वाक्य वेगवेगळ्या कोपऱ्यांतून ऐकू येत राहिलं. पुढच्या गटांना आम्ही काहीच सांगितलं नाही. प्रत्येक गटात कुणीतरी भिंत पाहून ते शोधलंच.

आवाजाचा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. प्रोजेक्टरचे पंखे शांततेत फार जाणवतात. भोवती खोकी केली तर हवा अडते आणि यंत्र तापतं. पुढच्या खेपेला नळीने हवा बाहेर काढून पाहायची आहे.

आणि पुढची खेप ठरते आहे. गावच्या शाळेतल्या बाईंनी वर्गखोलीत हे करता येईल का, असं विचारलं. जाऊन मापं घेतली. शाळा उंचावर बांधलेली असल्याने तिथे 2019 ची रेघ अवघी साडेतीन फुटांवर आहे, म्हणजे बरोबर पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला. भिंग तिथे ठेवताच येणार नाही. मिस्त्रींचं म्हणणं, खोलीतली सगळी जमीनच दोन फूट खाली न्यावी तसं काहीतरी करू, पोरांना बसवूनच दाखवू. मला वाटतं भिंग वर ठेवावं आणि आरशाने प्रतल आडवं पाडावं, पण मग आरशाच्या मागे भिंगाची जी प्रतिमा दिसते तिचीच उंची धरावी लागते, आणि ती पुन्हा साडेतीन फुटांवरच येते. सध्या आम्ही भिंतीलगत पांढरा दोरा ताणून, खोलीच्या बाहेरून, खिडकीतून फक्त त्या दोऱ्यावर उजेड टाकून पाहतो आहोत. दोरा लेव्हल पाईपनेच बांधला आहे.